साथीचा माग आणि कबुलीची किंमत

तापाने डोळे तारवटलेली मुले पाठुंगळीस घेऊन हाँगकाँगच्या दवाखान्यांसमोर स्त्रिया तिष्ठत उभ्या आहेत आणि शहरातील अडीच लाख माणसे इन्फ्लुएन्झाने ग्रासली आहेत, अशा आशयाचा मजकूर 1957 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात वाचून, वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संशोधनसंस्थेतील मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाने ही साथ जगभर पसरणार हे ताडले. जपानमधील लष्करी प्रयोगशाळेमार्फत त्याने आजारी सैनिकाच्या घशातील नमुना मागविला, कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढविला आणि संग्रहातील रक्तद्रवांशी तो ताडून पाहिला, तेव्हा सत्तरी-ऐंशीच्या घरातील मोजक्या वृद्धांखेरीज कोणाच्याही रक्तात त्याच्याशी झुंजणारी प्रतिपिंडे आढळली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊन गेलेल्या एखाद्या साथीची ती स्मृती असावी, असे अनुमान त्यावरून निघाले. पुढे लसीसाठी अंडी लागणार म्हणून अमेरिकेतील कुक्कुटपालकांनी कोंबडे मारू नयेत, असाही निरोप या गृहस्थाने धाडला!

ही हकीकत हिलमनच्या प्रज्ञेचा दाखला म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यातील निराळीच गोष्ट खटकते. देशोदेशींच्या प्रयोगशाळा जोडून घेणारे इन्फ्लुएन्झा केंद्र लंडनमध्ये काही वर्षांपूर्वीच उभे राहिले असता, पहिली वर्दी वर्तमानपत्राच्या एका चाणाक्ष वाचकाला लागावी, हे कसे? चीनच्या ग्वेजो प्रांतात हा आजार त्या वर्षाच्या आरंभीच फैलावला होता. परंतु पेकिंगच्या सरकारला जागतिक आरोग्य संघटनेत स्थान नव्हते, आणि ज्याला सभेत आसन नाही त्याच्याकडून इत्तला तरी कोणत्या तोंडाने मागावी? शिवाय 1951 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत पटकी, प्लेग, देवी, पीतज्वर आणि दोन प्रकारचे उवाजन्य ज्वर एवढेच रोग सक्तीने कळविण्याजोगे ठरले असून इन्फ्लुएन्झाचा त्यांत समावेशच नव्हता. कायद्याच्या दृष्टीने कोणीही कसूर केली नव्हती. नकाशावरचा एक मोठा प्रदेश तेवढा निरोगी दिसत राहिला.

मेच्या मध्यास सिंगापूरहून ‘राजुला’ जहाज मद्रासला लागले, ते तापकरी उतारू घेऊनच. कुन्नूरच्या पाश्चर संस्थेने विषाणू हुडकला, आणि पुढील फेब्रुवारीपर्यंत भारतात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख रुग्ण व अकराशेच्या आसपास मृत्यू सरकारदप्तरी दाखल झाले. दाखल झाले, एवढेच म्हणावयाचे. कारण चार दिवस अंग मोडून पडलेला आणि पाचव्या दिवशी औताला जाणारा शेतकरी कोणत्या रजिस्टरात सापडणार?

माग काढणे हे वरकरणी शास्त्राचे काम दिसते, पण मागाच्या टोकाशी कोणाचे तरी दार असते, आणि त्या दारातला मनुष्य स्वतःस आरोपी समजू लागतो. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, तेव्हा महापालिकेचे आरोग्याधिकारी टर्नर यांनी मेअखेरीस बंदरात लागलेल्या जहाजाकडे बोट दाखविले, तर खलाशांनाच शहरात रोग जडला असे सरकारपक्षाचे म्हणणे पडले. जहाज दोषी की शहर, या वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहता आगगाडीने रोग देशभर पोहोचविला, आणि 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत 768 माणसे दगावली.

कबुलीची किंमत किती जबर असते, हे आपणही भोगले आहे. 1994 साली सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता फुटताच आखाती राष्ट्रांनी विमाने थांबविली आणि भारतीय माल अडविला. असा दंड डोळ्यांसमोर असता जिल्ह्याचा अंमलदार वरिष्ठांना, आणि वरिष्ठ जगाला, सत्य तत्काळ कळवतील अशी अपेक्षा धरणे हा भाबडेपणाच होय. 2002 च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्सचा उद्भव झाला आणि पुढील फेब्रुवारीपर्यंत अधिकृत मौन टिकले. त्याच महिन्यात हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर एक आजारी डॉक्टर मुक्कामास राहिला आणि त्या मजल्यावरून रोग हनोई, सिंगापूर व टोरांटो येथे रवाना झाला. यानंतर 2005 साली नियमावली पालटली. रोगांच्या यादीस चिकटून न राहता असाधारण घटना कळविण्याचे बंधन आले, आणि सरकारांव्यतिरिक्त अन्य मार्गांनी आलेली वार्ताही विचारात घेण्याची मुभा संघटनेस मिळाली. हिलमनच्या वर्तमानपत्राला अशा रीतीने अर्धशतकानंतर कायद्याची मान्यता लाभली म्हणावयाची. मात्र जो बोलेल त्याला दंड होणार नाही, याची हमी त्या कलमांना देता आली नाही.

24 नोव्हेंबर 2021 रोजी दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या नव्या प्रकाराची खबर संघटनेस तत्परतेने कळविली, आणि दोन दिवसांच्या आतच अनेक राष्ट्रांनी त्या भागातून येणाऱ्या प्रवाशांना दारे लावली. त्याच महिन्याच्या 30 तारखेस नेदरलँड्सच्या आरोग्यसंस्थेने जाहीर केले की, 19 आणि 23 नोव्हेंबर रोजी त्यांच्याच देशात घेतलेल्या नमुन्यांत तो विषाणू आढळला आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील राष्ट्रांवरचे निर्बंध त्यानंतरही काही आठवडे तसेच चालू होते.