जवळ बसणं

रविवारी सकाळी नऊ वाजता आमचा तास असतो. जानेवारीत लखनौला त्या वेळी खिडकीबाहेर काही दिसत नाही. मानकनगरच्या आमच्या क्वार्टरसमोरचं कडुलिंबाचं झाडसुद्धा धुक्यात बुडालेलं असतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही, पायांवर रजई. पडद्यावर चाळीसेक काळे चौकोन आणि प्रत्येकात एक नाव. कुणी गोंड्याचं, कुणी बाराबंकीचं, कुणी सीतापूरचं. सगळे नोकरी करणारे शिक्षक. सर बोलत राहतात, मधेच विचारतात, "क्लिअर?" आणि बाजूच्या पट्टीत भराभर "येस सर" उमटतं. मीही तेच टाइप करते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी सासूबाई शेजारच्या खुर्चीत पोथी घेऊन बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी, माहेर वाईचं, ज्ञानेश्वरीचं वाचन रोज ठरलेलं. तास संपल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, हे सर तुला ओळखतात का?"

"नाही, आई."

"रस्त्यात भेटले तर?"

"तरी नाही ओळखणार."

"मग तू त्यांची विद्यार्थिनी कशी?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं, आणि मला उत्तर देता आलं नाही. वर्ष झालं, तो प्रश्न माझ्याबरोबर राहतो आहे.

मी एकोणीस वर्षं आलमबागच्या एका खाजगी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. यजमान रेल्वेच्या आर.डी.एस.ओ. या संशोधन संस्थेत, म्हणून सांगली जिल्ह्यातून इथे आले आणि इथलीच झाले. दीड वर्षापूर्वी शिक्षणशास्त्रातल्या ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलं. एम.एड. नव्हे, एम.एड.ला वर्गात हजर राहावं लागतं, त्यासाठी नोकरी सोडणं मला शक्य नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीमुळे मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे पदवीच्या मोलाबद्दल मनात किंतू नव्हता. माझा पगार तिने वाढणार नाही. पण अलीकडे वर्गात बोलताना माझेच शब्द मला कोरडे वाटू लागले होते, आणि एवढं कारण मला पुरेसं होतं.

उपनिषद या शब्दाची फोड शाळेत असताना गुरुजींनी सांगितली होती: उप म्हणजे जवळ, नि म्हणजे खाली, सद् म्हणजे बसणं. गुरूच्या जवळ, पायाशी बसून मिळते ती विद्या. शंकराचार्यांनी याच धातूचा दुसरा अर्थ धरला: अविद्या सैल करते, नाहीशी करते ती. मला लहानपणी पहिलाच अर्थ आवडला, कारण तो डोळ्यांपुढे उभा राहत होता. आता मात्र दुसऱ्या अर्थाकडे मन ओढ घेतं. गाठ सैल व्हायला जवळ बसावंच लागतं का? आणि जवळ बसूनही ती तशीच राहिली तर?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत एक जागा आहे. माणसाने काय काय करावं याची तिथे यादी येते: ऋत, सत्य, तप, इंद्रियांचा निग्रह, अग्निहोत्र, पाहुण्याचा सत्कार, मुलंबाळं. आणि प्रत्येकाच्या जोडीला पुन्हा पुन्हा स्वाध्याय आणि प्रवचन येतात, म्हणजे स्वतः शिकणं आणि दुसऱ्याला सांगणं. मग तीन ऋषींची तीन मतं दिली आहेत. एक म्हणतो सत्यच काय ते खरं, दुसरा म्हणतो तप. तिसरा नाक मौद्गल्य. तो म्हणतो स्वाध्याय आणि प्रवचन एवढंच पुरे, तेच तप आहे. ही दोन कामं त्याने वेगळी काढलेली नाहीत. आधी शिकून घ्या आणि मग जन्मभर शिकवा, असं तिथे कुठेच नाही. आम्ही शिक्षकांनी मात्र नेमकं तेच केलं. बालभारतीच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी 'स्वाध्याय' असायचा, तो मुलांनी सोडवायचा. बाईंचाही काही स्वाध्याय असतो हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

दूर राहून शिकण्याची गोष्ट निघाली की लोक लगेच एकलव्याचं नाव घेतात. मला ते उदाहरण नको वाटतं. त्या कथेत गुरूने शिष्याकडे पाहिलं ते अंगठा मागण्यापुरतं. तिथे शिकणं झालं ते एकट्या एकलव्याचं, आणि त्याचं मोलही त्यानेच चुकवलं. त्याला गुरुभक्तीचा आदर्श म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

उत्तराची पहिली दिशा सासूबाईंच्याच पोथीत मिळाली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना 'आचार्योपासना' हा एक शब्द येतो, आणि त्या एका शब्दावर ज्ञानदेव किती तरी वेळ रेंगाळतात. शके १२१२ मधला हा ग्रंथ. पण त्यातला शिष्य गुरूजवळ नाही! गुरूच्या आज्ञेने तो आपल्या गावी राहिला आहे, दावं बांधून ठेवलेल्या वासरासारखा. गुरूचं घर ज्या दिशेला, त्या दिशेशी तो बोलतो. तिकडून वारा आला तर त्या वाऱ्याला सामोरा जातो, त्याला घरी ये म्हणतो. मी हा भाग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो शेकडो वेळा वाचला असेल. ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण दावं आहे ना. दावं कुणीतरी बांधलेलं असतं."

बरोबर होतं त्यांचं. त्या शिष्याला गुरूने ओळखून, आज्ञा देऊन पाठवलेलं होतं. अंतर होतं, पण ते ओळखीनंतरचं. माझ्या बाबतीत अंतर आहे आणि ओळख नाही.

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला अशा वेळी भातखंडे आठवल्यावाचून राहत नाहीत. कैसरबागेत वाजिद अली शहाच्या परीखान्याच्या इमारतीत त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. मुंबईत वकिली करणारा हा माणूस, विष्णू नारायण भातखंडे, कामधंदा सांभाळून गाणं शिकला, मग वकिली सोडून देशभर हिंडला. घराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या, आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत हजाराहून अधिक बंदिशी कुणालाही विकत घेता येतील अशा करून ठेवल्या. १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज निघालं ते त्यांच्याच ध्यासातून. ज्या विद्येसाठी शिष्यत्वाचा गंडा बांधावा लागे, वर्षानुवर्षं उस्तादाची सेवा करावी लागे, ती फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे वर्गात मिळू लागली. गुरुमुखाची विद्या कागदावर मरते, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, शास्त्र सांगण्यासाठी त्यांनी मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' लिहिली ती गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. छापील ग्रंथ, वाचणारा कुठेही असेल. तरी पानावर एक विचारणारा बसवावा असं त्यांना वाटलं. विचारणारा नसेल तर सांगणं कुणाला? आणि दुसरी, श्रीकृष्ण रातंजनकर हा त्यांचा सर्वांत आवडता शिष्य, पुढे याच कॉलेजचा प्राचार्य. त्याला त्यांनी आपल्या पुस्तकांवर ठेवलं नाही. तो बडोद्याला उस्ताद फैयाझ खाँसाहेबांकडे गंडा बांधून शिकला. ज्याने विद्या कागदावर आणली, त्याला कागद कुठे संपतो हे नेमकं ठाऊक होतं. परीखान्यावरून जाताना मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. दाराशी ताटकळलेल्यांना त्याने आत घेतलं, आणि आत आल्यावरही कुणाच्या तरी समोर बसावं लागतं, हे लपवलं नाही.

आमच्या अभ्यासक्रमात मायकेल मूर या अभ्यासकाचा एक विचार आहे. दूरशिक्षणातलं अंतर मैलांत मोजू नका, असं तो १९७० च्या दशकापासून सांगत आला. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती होतो, आणि अभ्यासक्रम शिकणाऱ्याकडे पाहून किती वळतो, यावर ते ठरतं. संवाद नसेल तर एका खोलीतही अंतर वाढतं. परीक्षेपुरती मी ही व्याख्या पाठ केली. तिचा अर्थ कळला तो नोव्हेंबरमध्ये, दोन कागदांमुळे.

पहिला माझाच. सत्रीय कार्याची सोळा पानं मी हाताने लिहिली होती. रात्री अकरानंतर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मोबाइलने एकेका पानाचा फोटो काढून अपलोड केली. तीन आठवड्यांनी आकडा आला: पन्नासपैकी अडतीस. पानावर एक खूणही नव्हती. बारा गुण कुठे गेले, अडतीस कशाचे मिळाले, काही नाही. मला गुणांचं दुःख झालं नाही. कुणी वाचलंच नसेल का, या शंकेने मात्र मी दोन दिवस धड जेवले नाही.

दुसरा कागद त्याच आठवड्यातला. सातवीच्या वह्या घरी आणल्या होत्या. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची वही उघडली. अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३ = २/५. खालचं गणितही तसंच, त्याखालचंही. वर वर मिळवलेले, खाली खाली मिळवलेले, नऊच्या नऊ चूक. आणि पानावर लाल शाईची मोठी बरोबरची खूण, खाली माझी सही, आधीच्या आठवड्यातली तारीख.

मी वही मिटली आणि तशीच बसून राहिले. हा मुलगा माझ्यापासून वीस फुटांवर रोज चाळीस मिनिटं बसतो. मी त्याला नावाने हाक मारते, त्याची आई काय करते ते मला माहीत आहे. सासूबाईंच्या प्रश्नात मी त्यालाही बसवून पाहिलं. मी त्याला ओळखते का?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. आधी माफी मागितली. तो गोंधळला, मॅम माफी मागतात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग विचारलं, हे कसं केलंस, मला समजावून सांग. तो म्हणाला, "मैम, पहिल्या दोन चेंडूंत एक चौका. पुढच्या तीन चेंडूंत एक चौका. झाले ना पाच चेंडूंत दोन?"

एकोणीस वर्षांत ही चूक मी हजार वेळा खोडली असेल. ती का होते हे पहिल्यांदा ऐकलं. चूक कसली? चेंडूंचा हिशेब त्याने अगदी बरोबर केला होता. तो फक्त वेगळीच गोष्ट मोजत होता. मी म्हटलं, चेंडूंचं तुझं पक्कं आहे. आता शीरमाल रोटी घे. अर्धी शीरमाल ताटात आहे. त्यात मी आणखी एक तृतीयांश टाकली. आता ताटात किती? "दोन पंचमांश," तो म्हणाला. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? त्याने बोटाने बाकावर वर्तुळ काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. "कमी," म्हणाला. आणि माझ्याकडे पाहिलं. वाढून कमी कशी झाली, हे कोडं आता त्याचं झालं होतं. घंटा झाली तरी तो उठेना.

हे मी रात्री फोनवर माझ्या बाराबंकीच्या मैत्रिणीला सांगितलं. ती परिषदीय विद्यालयात शिक्षिका आहे, माझ्याच तुकडीत. आम्ही एकमेकींना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, पण आठवड्यातून तीनदा बोलतो, अभ्यासक्रमातला मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की एकमेकींना समजावून सांगतो. त्याचं म्हणणं, मूल एकटं जे करू शकतं आणि कुणाच्या सोबतीने जे करू शकतं, त्यांच्या मधल्या जागेत शिक्षण घडतं. आमच्या हिंदी नोट्समध्ये त्या जागेला 'समीपस्थ' म्हटलंय. समीप! पुन्हा तोच शब्द. संस्कृतात सहाध्याय्याला सतीर्थ्य म्हणतात, एका तीर्थाचे, एका गुरूचे. गुरू आम्हाला ओळखत नाही, पण आम्ही दोघी सतीर्थ्य आहोत, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. तेवढं त्यांना पटलं.

मैत्रिणीवर सध्या दुसरंही ओझं आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा बाकी आहे अशा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टी.ई.टी., म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं आलं. तेवीस वर्षं शिकवून झाल्यावर ती धसक्याने पाठांतर करते. त्या पुस्तकांबद्दल ती माझ्याशी बोलत नाही. भीतीपोटी केलेला अभ्यास माणसाला कुणाच्याच जवळ नेत नाही, असं मला तिच्याकडे पाहून वाटतं.

गेल्या रविवारी विषय ज्ञानरचनावादाचा होता. मूल ज्ञान घेत नाही, स्वतः रचतं. सरांनी विचारलं, "क्लिअर?" पट्टीत "येस सर"ची रांग लागली. मी माइक चालू केला, कॅमेराही. दीड वर्षात पहिल्यांदा. म्हटलं, "सर, नाही समजलं." मग त्या मुलाचं सांगितलं. त्याने दोन पंचमांश स्वतः रचले होते, पूर्ण विचार करून. मग ते ज्ञान की चूक? आणि ते मोडायचा अधिकार मला कुणी दिला?

सर काही बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही कुठे शिकवता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "तो मुलगा त्यानंतर काय म्हणाला?"

सीतापूरचा चौकोन उजळला, एक गृहस्थ हात वर करून बसले होते. मग गोंड्याचा. सासूबाईंनी पोथीत बोट ठेवून ती मिटली आणि खुर्ची पडद्याच्या जरा जवळ ओढली. तास पाऊण तास लांबला. सरांनी शेवटी सांगितलं की याचं पक्कं उत्तर त्यांच्याकडेही नाही, पुढच्या रविवारी इथूनच सुरू करू.