ओझं कुणाचं?

गेल्या पावसाळ्यात दोस्तांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेलो. अकोले तालुका, पाचनईची वाट. रान बघायला ही गर्दी! अर्ध्यातच दम लागला. गावातला एक म्हातारा महादेव कोळी म्हणाला, "आणा इकडं, नेतो." तीनशे मागितले. आम्ही घासाघीस करून दोनशेवर आणले. माझी सॅक त्याच्या पाठीवर गेली. वर मीच ओरडलो, "ए, चल लवकर!"

हाक तोंडातून गेली अन् आजा आठवला.

आजा महारकीत साहेबाचं सामान या गावाहून त्या गावाला डोक्यावर न्यायचा. त्यालाही अशीच हाक यायची. नाही म्हणायची सोय नव्हती. हे जोखड मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडलं. महार वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं.

दोस्त म्हणाले, पैसे दिले ना, मग ही वेठ कशी? खरंय. मजुरी म्हणजे वेठ नव्हे. पण ज्याला नाही म्हणता येतं, भाव ठरवता येतो, त्याची ती मजुरी. पोटासाठी दोनशेलाही मान हलवावी लागते, त्याचं काय?

कोकणकड्यावर त्याच्या हातात तीनशे ठेवले. "काका" म्हणालो. त्यानं पैसे मोजले, हसला, उतरून गेला. शंभर रुपये फिटले. ती हाक फिटली नाही.

मित्रांनो, आपल्या पाठीवरचं ओझं उतरलं, चांगलं झालं. ते कुणाच्या पाठीवर ठेवलं, हेही बघायला हवं.