न मारणारं औषध

क्रॅनबेरीचा अर्क आणि डी-मॅनोज नावाची साखर एकत्र केलेली पावडर सध्या आमच्या मेडिकलमधून बरीच जाते. लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होणाऱ्या बायका ती नेतात. त्यांतल्या कितीतरी जणी रोज पनवेलहून हार्बर लाइनने सीएसएमटीला जातात. सव्वा तासाहून जास्त प्रवास, लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत. त्या विचारतात, उष्ण पडेल का? किती दिवस घ्यायची? माझ्या आईने मात्र पुडी हातात घेऊन विचारलं, "ह्यात जीव मरत्यात का गं?"

आई सांगलीकडची, दिगंबर जैन. वडील गेल्यापासून माझ्याकडे असते. पाणी गाळून पिते, सूर्यास्तानंतर पीत नाही. उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचं पाणी आणि गोखरूचा काढा हे तिचे जुने उपाय. इथे पनवेलला आल्यावर त्यात चंद्रप्रभा वटीची भर पडली. धूतपापेश्वरांचा कारखाना १८७२ पासूनचा, याच गावचा, त्यामुळे तीसहून अधिक द्रव्यांची ती गोळी पनवेलकरांना घरचीच वाटते. अँटिबायोटिकला आई नाही म्हणत नाही, पण कॅप्सूल असेल तर प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनमुळे परत करते आणि गोळी मागते.

तिच्या प्रश्नावर कुणी हसलं तर मला राग येतो. शरीरातल्या जंतूंशी आपण कसं वागायचं, हा प्रश्न तिच्या धर्माने फार पूर्वीपासून गंभीरपणे घेतला आहे. मुनींच्या पाच समित्यांतली, म्हणजे सावधपणे वागण्याच्या नियमांतली शेवटची, उत्सर्ग समिती, मलमूत्र कुठे आणि कसं टाकायचं याबद्दलच आहे: जागा निर्जंतुक, कोरडी, कुणाला इजा न होणारी हवी. जी गोष्ट बाकीचे लाजेने झाकतात तिला इथे व्रताचं स्थान आहे. निगोद, म्हणजे जैन ग्रंथांतले अतिसूक्ष्म जीव, हेच बॅक्टेरिया असं कुणी ठासून सांगितलं की मी सावध होते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचीही काळजी घ्यायची, ही वृत्ती मला मोलाची वाटते.

त्या पावडरीमागची कल्पना तर आईच्या मनासारखीच. बहुतेक वेळा हे इन्फेक्शन ई. कोलाय या आतड्यातल्याच जंतूमुळे होतं. त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाशी मॅनोज साखर धरून ठेवणारं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरावर ती साखर असतेच, म्हणून गोखरूचा काटा लुगड्याला चिकटावा तसा तो तिथे चिकटतो. लघवीत मोकळी मॅनोज आली तर जंतू तिलाच धरेल आणि वाहून जाईल. क्रॅनबेरीतली काही द्रव्यंही त्याला चिकटू देत नाहीत असं मानतात. कुणी मेलं नाही, नुसतं निरोप देऊन पाठवलं. औषधशास्त्रात अहिंसेला जागा मिळाली असं वाटून मलाही आनंद झाला होता.

पण २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. वारंवार त्रास होणाऱ्या ५९८ बायकांना सहा महिने रोज डी-मॅनोज किंवा साधी दुसरी पावडर दिली होती. डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के जणींना पुन्हा डॉक्टरकडे जावं लागलं, दुसऱ्या गटात सुमारे ५६ टक्के. एवढ्या फरकाला फरक म्हणता येत नाही. क्रॅनबेरीची बाजू बरी आहे: २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांत धोका सुमारे पाव हिस्स्याने कमी दिसला, पण संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांना फायदा दिसला नाही.

आईला हे सांगायचं की नाही? पुडीने तिला अपाय नव्हता, मनाला शांती होती. पण अहिंसेच्या पाठोपाठ सत्याचं व्रत येतं, आणि समित्यांत जपून बोलायला सांगणारी भाषा समितीही आहे. औषध सौम्य आहे म्हणून ते लागू पडावं अशी इच्छा करणं वेगळं आणि ते लागू पडतं असं सांगून विकणं वेगळं. मी आईला आकडे सांगितले, आता गिऱ्हाइकांनाही सांगते. काही जणी तरीही नेतात, तो त्यांचा अधिकार.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमादाने प्राण घेणं याला हिंसा म्हटलं आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. गृहस्थाच्या बाबतीत हिंसेचे चार प्रकार मानतात: संकल्पी म्हणजे ठरवून केलेली, आरंभी म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी म्हणजे कामधंद्यात होणारी, विरोधी म्हणजे स्वतःच्या बचावासाठी केलेली. पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या टाळता येतील तेवढ्या टाळायच्या. थंडी वाजून ताप आला, इन्फेक्शन किडनीकडे चढतंय असं दिसलं, की अँटिबायोटिक ही माझ्या मते विरोधी हिंसा आहे, आणि ती करावीच लागते. आईवर तशी वेळ आली तेव्हा तिने गोळ्या मुकाट घेतल्या आणि कोर्स पूर्ण केला.

पाण्याचं मात्र तिच्याशी बरंच बोलावं लागलं. २०१८ च्या एका अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या १४० तरुण बायकांपैकी ज्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं, त्यांची इन्फेक्शनं जवळपास निम्मी झाली. आई तरुण नाही, पण रात्रीचं व्रत न मोडता दिवसा पाणी वाढवण्यात अडचण कसली? आता ती सकाळी दोन तांबे गाळून ठेवते. लघवी दाबून धरायची सवयही सोडते आहे. वेग अडवू नयेत यावर चरकाने सूत्रस्थानात अख्खा अध्याय लिहिला आहे.

लेडी डॉक्टरांनी तिला इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. पाळी गेल्यावर योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, तिथले लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू कमी होतात आणि ई. कोलायला वाट मोकळी मिळते. क्रीमने अस्तर सुधारतं आणि ते जुने रहिवासी परततात. आई शोधत होती ते औषध खरं तर हे, आणि पाळी गेलेल्या बायकांत त्याचा पुरावाही चांगला आहे. लावायला मात्र तिला फार संकोच वाटला. शेवटी मी म्हटलं, "आई, ह्यात कुणी मरत नाही, उलट जगतात." मग ती तयार झाली.

दुकानात चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे अँटिबायोटिक मागणारे रोज येतात, कधी दोनच गोळ्या मागतात. १ मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे. डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं. कायदा नसता तरी मी दिलं नसतं. अर्धवट डोसात दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पोटातले निरुपद्रवीही विनाकारण जातात. प्रमाद म्हणतात तो हाच. मी युरिन कल्चर करून यायला सांगते. काही जण रागावून समोरच्या दुकानात जातात.