वाया जाणारे मत

अमेरिकेच्या १९९२च्या अध्यक्षीय निवडणुकीत टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते मिळाली. तरीही अध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या ५३८ सदस्यांच्या निर्वाचक मंडळातले एकही मत त्यांच्या पदरात पडले नाही, कारण मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जो पहिला येतो, त्याच्याच वाट्याला तिथली सगळी निर्वाचक मते जातात, आणि पेरो पहिले कुठेच आले नाहीत. याउलट १९६८मध्ये वर्णविभाजनाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेत एकवटलेल्या पाठिंब्याच्या बळावर साडेतेरा टक्क्यांतच ४६ निर्वाचक मते मिळवली. देशभर पसरलेल्या नाराजीला शून्य आणि एका प्रदेशातील द्वेषाला भरघोस माप देणाऱ्या या पद्धतीला निःपक्षपाती म्हणणे कठीण आहे.

दोष मात्र मतदाराच्या माथी मारला जातो. २००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी विजयी ठरले आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मते पडली होती, म्हणून बुश यांच्या प्रतिस्पर्ध्याची मते फोडल्याबद्दल नेडर यांचे मतदार आजही अपराधी ठरवले जातात. वास्तविक ज्याला मत द्यावेसे वाटले त्यालाच त्यांनी ते दिले, यात गैर काहीच नव्हते. मतदाराची अडचण इथेच संपत नाही. स्वतःला अपक्ष म्हणवणारे मतदार अमेरिकेत मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतले बहुतेक मनाने कोणत्या तरी एका पक्षाकडे झुकलेले असतात हे खरे असले, तरी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत अनेक राज्यांत केवळ नोंदणीकृत पक्षमतदारांनाच प्रवेश असल्याने निवडीच्या पहिल्या पायरीवरच ते वगळले जातात.

मेन राज्याने २०१६मध्ये जनमत घेऊन पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. महाराष्ट्रातील विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांप्रमाणे तिथे मतदार उमेदवारांना क्रम देतो, आणि कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर तळाचे उमेदवार बाद करून त्यांची मते पुढच्या पसंतीकडे वळवली जातात. २०१८मध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, तिथल्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पहिल्या मोजणीत सुमारे २,००० मतांनी पुढे होते, परंतु दोन अपक्षांची मते वळवल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन सुमारे ३,५०० मतांनी निवडून आले. अपक्षांच्या मतदारांनी आपली पहिली पसंतीही नोंदवली आणि अंतिम निकालातही त्यांचा शब्द राहिला. सुधारणा अर्थात अपुरीच आहे. राज्याच्या घटनेनुसार गव्हर्नर सर्वाधिक मतांवरच निवडला जात असल्यामुळे त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रात, काँग्रेससाठी क्रम देणाऱ्या मतदाराला गव्हर्नरपदासाठी मात्र एकाच नावापुढे खूण करावी लागली.