दुखणे देहाचे, कण्हणे मनाचे

कपाशी वेचून कंबर धरली, वारीच्या वाटेवर गुडघे सुजले, की आमच्या तेल्हाऱ्याकडची मायमाउली कीर्तन संपल्यावर हळूच विचारते, "महाराज, नामाने दुखणे जाते काय जी?" याचे उत्तर जपून द्यावे लागते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनास सांगतात की, शीतोष्ण व सुखदुःखे विषयांच्या स्पर्शाने येतात आणि जातात. ती तू सोस. ह्या सोसण्यास तितिक्षा म्हणतात. 'विवेकचूडामणी'त तर चिंता व विलाप नको, प्रतिकारही नको, असे तिचे लक्षण केले आहे. पण ही शेवटली अट मोक्षमार्गी साधकाची. प्रापंचिकाने औषध अवश्य घ्यावे; चिंता आणि विलाप मात्र त्यालाही कमी करता येतात.

ब्रह्मदेशात मंडालेस १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने इतके गांजले होते की मॉर्फिनची सुई टोचून घ्यावी लागे. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गुरूंनी काय म्हणावे? डोकेदुखीसाठी ही साधना नाही, त्यासाठी येणार असाल तर येऊ नका! पुढे चित्तशुद्धीसाठी म्हणून ते दहा दिवस बसले, आणि डोकेदुखीही ओसरली. १९६९ साली ते भारतात आले; १९७६ साली आपल्या इगतपुरीस धम्मगिरी केंद्र सुरू झाले. त्यांचा मार्ग बुद्धाचा, आपला नामाचा. पण देवाशी सौदा करून बसू नये, हे मर्म आपल्यालाही घेण्याजोगे आहे.

तर बसावे कसे? पाठ टेकली तरी चालेल, निजून केले तरी चालेल. श्वास आत घेताना 'विठ्ठल', सोडताना 'विठ्ठल'. मन कळ निघते तिथे धावेल, धावू द्यावे. ठणका आहे, की जळजळ, की ओढ? आत्ता वाढली, आत्ता उतरली, एवढेच पाहावे. "उद्या वेचणीला कोण जाईल, सून काय म्हणेल" हा विचार आला, की तो दुखण्याचा नव्हे, आपण वर घातलेला भार आहे हे ओळखून पुन्हा नामावर यावे. जुनाट कंबरदुखीच्या पहिल्या उपायांत अशा अवधानाच्या अभ्यासाला अमेरिकेतील वैद्यांच्या संस्थेने २०१७ साली स्थान दिले आहे. मात्र छातीत कळ आली, पाय बधिर झाला, तर माळ खिशात घालून त्याच घटकेला डॉक्टर गाठावा.

आणि एक. फडावर कुणी कण्हत असेल तर "तुझा भाव कमी पडला" असे त्याला म्हणू नका. त्याचे पाय दाबा.