डाग, आकडा आणि एक जोडी

आरामात बसा. पाठ ताठ, खांदे सैल. डोळे मिटा आणि श्वास नुसता येऊ-जाऊ द्या.

आता मन दक्षिणेला न्या, थेट अंटार्क्टिकापर्यंत. तिथल्या द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाशी, वेडेल समुद्राच्या कडेला, डेंजर आयलंड्स नावाची खडकाळ बेटं आहेत. भर उन्हाळ्यातही भोवती बर्फ दाटलेला असतो, त्यामुळे जहाजं सहसा तिकडे फिरकत नाहीत. ती बेटं नजरेसमोर येऊ द्या. घाई नको.

या बेटांवरून, सातशे किलोमीटर उंचीवरून, लँडसॅट उपग्रह जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद जमीन. जेमतेम सत्तर सेंटिमीटर उंचीचा पेंग्विन त्यात दिसणं शक्यच नाही.

दिसली ती विष्ठा. ॲडेली पेंग्विन क्रिल खातात. कोळंबीच्या जातकुळीतला हा इवलासा लालसर जीव. हजारो पक्षी एकाच जागी घरटी करतात तेव्हा खडकावर गुलाबी थर चढतो. मॅथ्यू श्वालर आणि हेदर लिंच या शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांतून तो रंग आपोआप हुडकण्याची रीत बसवली, आणि या बेटांवर मोठमोठे डाग सापडले.

इथे जरा थांबा. ज्या घाणीकडे पाहून आपण नाक मुरडतो, तिनेच एका अख्ख्या वस्तीचा पत्ता दिला. हे मनात मुरू द्या.

डिसेंबर २०१५ मध्ये संशोधकांची तुकडी तिथे पोहोचली. काही ठिकाणी घरटी हातांनी मोजली, बाकीच्यांवरून ड्रोन फिरवले. ड्रोनचे फोटो जोडून न्यूरल नेटवर्ककडून त्यातले पक्षी टिपून घेतले. २०१८ मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: ७,५१,५२७ जोड्या. द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲडेली कमी होत असताना इथे पंधरा लाख पक्षी नांदत होते.

एवढा आकडा मनात मावत नाही. मावायची गरजही नाही. त्यातली एकच जोडी वेगळी काढा. डोळ्याभोवती पांढरं कडं. खडे रचून केलेलं घरटं, त्यात बहुधा दोन अंडी. एक जण उबवत बसलेला, दुसरा अन्नासाठी समुद्रावर गेलेला. शेजारी टपलेलाच आहे. नजर चुकली की खडा पळवेल. या जोडीपाशी चार श्वास थांबा.

आता समुद्रावर गेलेल्याच्या मागे जा. तो जे क्रिल शोधतोय, तेच माणूसही जहाजं भरून नेतो, तेलासाठी आणि मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी. या मासेमारीचे नियम अंटार्क्टिक सागरी जीवसंपत्तीच्या संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय आयोग ठरवतो. तिथे निर्णय सर्वसंमतीने होतात. एका देशाची हरकतही पुरते. द्वीपकल्पाभोवतीचा समुद्र आणि वेडेल समुद्र संरक्षित करण्याचे प्रस्ताव त्यामुळेच वर्षानुवर्षं अडले आहेत. उपग्रहाने शोधून दिलं, यंत्राने मोजून दिलं. पुढचं काम हात वर करणाऱ्या माणसांचं आहे.

सावकाश डोळे उघडा. आणि एवढं ध्यानात ठेवा: भारत या आयोगाचा सदस्य आहे, २०२१ मध्ये त्याने वेडेल समुद्राच्या संरक्षणाला पाठिंबा जाहीर केला आहे, आणि तो पाठिंबा टिकवायला सरकारला भाग पाडणं आपल्या हातात आहे.