सत्तेची तृषा आणि राघोबादादांची शोकांतिका

देवरूख येथे दर्शनास येणारे बहुसंख्य भाविक पुढे श्रीक्षेत्र मार्लेश्वरास जातात. सह्याद्रीच्या कुशीतील त्या गुहेत समयांच्या मंद प्रकाशात श्रींचे दर्शन घडते आणि कपारीत वास करणाऱ्या सर्पांचे दर्शन झाल्यास भाविक स्वतःस धन्य मानतात. श्रीशंकरांच्या सान्निध्यातील सर्प हा भयाचा नव्हे, श्रद्धेचा विषय आहे. परंतु महाभारतात एका सर्पाची कथा आहे, जो मूळचा सर्प नव्हताच. तो राजा होता. आणि राजाही थोर.

त्याचे नाव नहुष. वृत्रवधानंतर इंद्र अज्ञातवासात गेला, तेव्हा देवांनी व ऋषींनी पृथ्वीवरील सर्वांत धर्मशील राजा म्हणून नहुषास इंद्रपदी बसविले. पद त्याने हिसकावून घेतले नव्हते, त्याची विनवणी करून ते त्यास देण्यात आले होते. पुढे त्याच नहुषाने इंद्रपत्नी शचीची अभिलाषा धरली, महर्षींच्या खांद्यावर आपली पालखी दिली आणि अगस्त्य ऋषींच्या मस्तकास पाय लावला. अगस्त्यांच्या शापाने तो अजगर होऊन पृथ्वीवर कोसळला. जो मुळात दुष्ट असतो त्याच्या पतनाचे कोणास दुःख होत नाही. नहुषाची कथा मनास चटका लावते, कारण तो सज्जन होता.

अशीच एक कथा महाराष्ट्राच्या इतिहासात घडून गेली. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील थोरल्या बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा. त्यांचे नाव उच्चारताच आजही लोक तोंड फिरवितात. तथापि १७५८ साली याच पुरुषाने लाहोर जिंकले आणि मराठ्यांचे निशाण अटकेपर्यंत नेले. ‘राघोभरारी’ हे नाव त्यांनी तलवारीच्या बळावर मिळविले होते. स्नानसंध्या, जपजाप्य, अनुष्ठाने यांतही ते कधी उणे पडले नाहीत. ही गोष्ट भाविकांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण देवधर्म करणाऱ्यास सत्तेचा मोह शिवत नाही असा आपला समज असतो.

पानिपतच्या आघातानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशवे निवर्तले. पेशवाईची वस्त्रे त्यांचे सोळा वर्षांचे पुत्र माधवराव यांस मिळाली. राघोबादादा वयाने, अनुभवाने व पराक्रमाने मोठे होते, म्हणून कारभार त्यांच्या हाती राहिला. परंतु कारभार आणि गादी यांतील अंतर त्यांस सलू लागले. ‘माझा हक्क डावलला गेला’ हा विचार प्रथम तितकासा पापी वाटत नाही. त्यात न्यायाचा थोडा अंशही असतो, आणि तोच अंश माणसास फसवितो. १७६२ साली त्यांनी ज्याच्याशी आजवर लढले त्या निजामाचेच साहाय्य घेतले आणि आळेगाव येथे पुतण्याचा पराभव केला. माधवराव राज्यातील दुही टाळण्यासाठी स्वतः काकांच्या स्वाधीन झाले.

पुढील वर्षीच, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदातीरी राक्षसभुवन येथे निजामाच्या सैन्याने राघोबादादांस वेढले. त्या प्रसंगी माधवरावांनी धावून जाऊन काकांस सोडविले. ज्यास काकांनी नमविले होते, त्यानेच काकांचे प्राण राखले. एवढ्यावर कलह मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. राज्याच्या वाटणीची मागणी, पुन्हा फौजेची जमवाजमव, १७६८ साली धोडप येथे पराभव आणि अखेर शनिवारवाड्यातील नजरकैद, असा तो क्रम चालतच राहिला.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे श्रीचिंतामणीच्या सान्निध्यात माधवरावांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी धाकटे बंधू नारायणराव यांस काकांच्या हाती सोपविले, असे सांगतात. नारायणरावांनी मात्र पुढे काकांस पुन्हा कैदेत ठेवले. तेव्हा राघोबादादांची तक्रार सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येणार नाही. या कैदेतूनच गारद्यांशी संधान बांधले गेले. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. कोकणात घरोघरी ज्या दिवसांत दूरदूरची माणसे एका छताखाली येतात, त्याच दिवसांत गारदी शनिवारवाड्यात शिरले. अवघ्या अठरा वर्षांचे नारायणराव ‘काका, मला वाचवा’ असा आक्रोश करीत चुलत्यापाशी धावले आणि तेथेच मारले गेले. पुतण्याने राक्षसभुवनी काकांचे प्राण वाचविल्यास त्या दिवशी दहा वर्षे आणि वीस दिवस झाले होते.

मूळ हुकूम ‘धरावे’ असा होता, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. इतिहासकारांत याविषयी एकमत नाही. परंतु या आख्यायिकेने समाजाची एक मोठी सोय केली आहे: सारे पाप एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर टाकून आपण मोकळे होतो. अक्षर बदलले असे क्षणभर गृहीत धरले, तरी भाडोत्री शस्त्रधाऱ्यांस सख्ख्या पुतण्यावर सोडण्याचा निर्णय ‘धरावे’ या शब्दातच झालेला होता. शस्त्र एकदा सोडल्यावर ते कोठे थांबेल हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

गादी मिळाली, वस्त्रेही आली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांस दोषी ठरविले. प्रायश्चित्त काय, असे विचारले असता ‘देहान्त’ एवढेच उत्तर त्यांनी दिले आणि पुणे सोडून ते वाईजवळील पांडववाडीस गेले, असे परंपरा सांगते. अटकेवर चालून जाणाऱ्या वीरास त्या एका निःशस्त्र ब्राह्मणासमोर उभे राहवले नाही.

यापुढचा उतार वेगाने संपला. बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पुत्राचा जन्म झाला. राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय केला. ६ मार्च १७७५ रोजी सुरत येथे झालेल्या तहात त्यांनी साष्टी व वसई इंग्रजांस देऊ केली. वसई! १७३९ साली त्यांचेच सख्खे चुलते चिमाजीअप्पा यांनी असंख्य मावळ्यांच्या प्राणांचे मोल देऊन ती पोर्तुगीजांकडून जिंकली होती. ती गादीच्या आशेने एका कागदावर गेली. १७८२च्या सालबाईच्या तहाने त्यांस केवळ नेमणूक मिळाली. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे, गोदावरीच्याच काठी, त्यांचा अंत झाला.

देवापुढे नारळ ठेवून पदासाठी, खुर्चीसाठी, निवडणुकीतील यशासाठी नवस बोलणारे भाविक आजही प्रत्येक देवस्थानात येतात. देव कोणासही परत पाठवीत नाही. नहुषासही इंद्रपद मिळालेच होते, राघोबादादांसही पेशवाई मिळालीच होती.

वनपर्वात त्या अजगराने भीमास विळखा घातला, तेव्हा भावाच्या शोधार्थ युधिष्ठिर तेथे आला. अजगराने त्यास प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, आणि ऐश्वर्याच्या मदाने आपण कसे अंध झालो हे स्वतःच्या मुखाने त्यास सांगितले. त्या दिवशी त्याचा शाप संपला. रामशास्त्र्यांच्या समोर राघोबादादांसही असा एक दिवस लाभला होता.